माझ्या नावावर खपलेली उडदाची डाळ

नवरा गेल्यावर बाईला काय काय ऐकवतात याची मला पुरती कल्पना होती. सगळी हयात नर्सच्या नोकरीत गेली, तेव्हा कितीतरी घरांत मीच ते ऐकवून आले आहे. धीर धरा, लेकराबाळांकडे बघा, बीपीची गोळी चुकवू नका. माझ्या वाट्याला मात्र यातलं काही फारसं आलंच नाही. जी बाई येई ती थोडं रडून झालं, की पदर सावरत स्वयंपाकघराकडे नजर टाकी आणि म्हणे, "आते काय व माय, एकटीले कितलं लागस?" एकटीला असं लागतं तरी किती! एक भाकरी थापली, मूठभर डाळ शिजवली, की झालं. या बायकांना मी काय सांगणार, की बायांनो, ती एक भाकरीसुद्धा मला थापता येत नाही.

हो, येत नव्हती. साठी कधीच ओलांडलेली, लेकीचं बाळंतपण केलेली, नातू अंगाखांद्यावर खेळवलेली बाई, आणि तिला चहा, उकडलेली अंडी आणि आजाऱ्याची पेज यापलीकडे काही जमत नाही, असं मी आमच्या गावात, रनाळ्यात, कुणाला सांगितलं असतं तर दुःखानं डोकं फिरलं म्हणाले असते. कारण आमच्या घरच्या जेवणाचं आख्ख्या भावकीत नाव होतं आणि ते नाव माझं होतं. काम मात्र ह्यांचं होतं.

आता हे कसं, ते सांगते. मी दहाव्या वर्षी वसतिगृहात गेले, तिथून नर्सिंगच्या ट्रेनिंगला, तिथून थेट नोकरीवर. मेसच्या ताटावर वाढलेली मुलगी मी. ह्यांचं उलट. कळसाडीच्या शेतकरी घरातलं शेंडेफळ, पण शिक्षक म्हणून पहिली नेमणूक धडगावकडच्या आश्रमशाळेत. डोंगरात एक खोली, एक रॉकेलचा स्टोव्ह आणि एक पातेलं एवढ्या संसारावर त्यांनी तीन-चार वर्षं काढली. पोटासाठी म्हणून हातात घेतलेला झारा पुढे त्यांना आवडायलाच लागला. लग्नानंतर मी पहिल्यांदा खिचडी केली ती त्यांनी मुकाट्यानं संपवली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तू इथे बस आणि बोलत राहा, मी करतो. तेव्हापासून पुढची चाळीसेक वर्षं मी तिथे बसून बोलत राहिले.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उपकेंद्रातली नोकरी म्हणजे वेळेचा पत्ता नाही. आज लसीकरण, उद्या बाळंतपण, परवा तालुक्याला मीटिंग. ते शाळेतून वेळेवर यायचे आणि मी कधीही यायचे. ज्याला वेळ त्यानं चूल पेटवावी, इतकं ते साधं होतं. साधं राहिलंही असतं, पण एकदा सासूबाई न कळवता कळसाडीहून आल्या. मी एका अडलेल्या बाळंतिणीपाशी रात्रभर उभी राहून आले होते आणि खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. हे परातीत भाकरी थापत होते. सासूबाई दारातच बसल्या आणि रडायला लागल्या, मढ्यावर रडतात तसं. "मन्हा पोऱ्याले बाईमानूस करी टाकं," एवढं एकच वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. दोन दिवस राहिल्या, पण आमच्या घरचा घास घेतला नाही. शेजारून जेवून येत.

त्या गेल्यावर ह्यांनी ठरवून टाकलं. कुणी यायचं असलं की दाराला आतून कडी, आणि स्वयंपाक झाला की नाव माझं. मला हे पटलं नव्हतं आणि मी ते बोलूनही दाखवलं. पण हसणाऱ्या माणसांची त्यांना भारी धास्ती होती. चार भावांत धाकटे, सडपातळ, हळू बोलणारे. घरच्यांनी त्यांना लहानपणापासून हसण्यावारीच नेलं होतं. शाळेत पोरांपुढे हा माणूस तासभर बोले, पण कळसाडीच्या ओसरीवर भावांपुढे तोंडातून शब्द फुटत नसे. मी म्हटलं, ठीक आहे, माझं नाव तर माझं नाव. मला काय, घरी आयतं जेवायला मिळत होतं.

पाहुणे येणार असले की पहाटेच आमचा कारखाना सुरू होई. थंडीच्या दिवसांत उडदाची डाळ आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हा त्यांचा हातखंडा. सालीसकट उडीद आधी कोरडा भाजायचा, मग शिजवून घोटायचा, मग लसणाची फोडणी. एवढं आमच्याकडे घरोघरी करतात. पण ह्यांच्या डाळीला काहीतरी वेगळं होतं. लोक बोटं चाटत, वाटीवर वाटी मागत. पाहुणे यायच्या वेळेला हे आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ओसरीवर पेपर घेऊन बसलेले असत. मी पदर खोचून वाढायला येई. "सिस्टरच्या हाताला चव आहे," असं कुणी म्हटलं की हे मान खाली घालून भाकरी मोडत राहत, पण कान तांबडे होत. पाहुणे गेल्यावर कोण काय म्हणालं ते मला पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागे. चुलतभावानं दुसऱ्यांदा घेतली का, आधी कुणी मागितली, कुणी वाटी पुसून खाल्ली. सगळी तारीफ माझ्या तोंडून गाळून त्यांच्यापर्यंत पोचत होती आणि त्यांना तेवढी पुरत होती.

मला मात्र पुरत नव्हती, कारण त्या तारिफीचा भुर्दंड मी भरत होते. माझी मोठी जेठानी, म्हणजे थोरली जाऊ, जिला आम्ही सगळे जिजी म्हणतो, त्या बाईनं मला त्या डाळीपायी आयुष्यभर माफ केलं नाही. जिजी या घरात सून म्हणून आल्या तेव्हा हे अगदी लहान होते. सासूबाई दिवसभर शेतात, तेव्हा ह्यांचं जेवणखाण, न्हाऊमाखू सगळं जिजींनी केलेलं. स्वयंपाकात त्यांचा हात धरणारी बाई कळसाडीत नव्हती. त्यांच्या डाळीला कुणी नावं ठेवली नसती, पण एकदा माझी डाळ खाल्लेले लोक त्यांची खाऊन म्हणत, चांगली आहे, पण रनाळ्याची बात वेगळी. जिजींनी मला आधी प्रेमानं विचारलं, मग हसत विचारलं, मग चारचौघींत विचारलं, की तू घालतेस तरी काय? मी काय सांगणार? मला माहीतच नव्हतं. मी म्हणे, काही नाही हो, आपलं नेहमीचंच. जिजींना वाटे, ही शिकलेली, नोकरीवाली, ही हात राखून सांगते. एकदा त्यांनी माझ्या सांगण्याप्रमाणे केली आणि नेहमीसारखीच झाली, तेव्हापासून त्यांनी विचारणं सोडलं आणि माझ्याशी मोजकं बोलणं सुरू केलं. मी ह्यांना कितीदा म्हटलं, निदान जिजींना तरी सांगा. तर म्हणायचे, त्यांना तर मुळीच नको.

मग हे गेले. थंडी नुकती पडली होती, शेजारच्या गल्लीत जायला निघाले आणि ओट्यावरच बसले. एवढी नर्स मी, पण काही करायला वेळच मिळाला नाही.

दहाव्याला प्रकाशा या तीर्थाच्या गावी गेलो. तापीकाठी पिंड ठेवला आणि सगळे जण कावळ्याची वाट बघत उभे राहिले. कावळे होते, भरपूर होते, पण तिकडे पलीकडच्या घाटावर कुणीतरी जिलबी ठेवली होती आणि सगळी जमात तिथे गुंतली होती. हे मला लांबून स्पष्ट दिसत होतं. पण आमच्या माणसांना त्यात इच्छा दिसायला लागली. कुणी म्हणे लेकीत जीव गुंतला, कुणी म्हणे घराचं रंगकाम राहिलं. थोरले जेठ, म्हणजे जिजींचे मालक, पुढे झाले. त्यांनी हात जोडले आणि नदीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "बापू, तुन्ही बायको वरीसना दिनले तिन्हा हातनी उडीदनी दाळ करी नि समद्यासले जेवाडी. आते ये." तेवढ्यात जिलबी संपली असावी, कारण एक कावळा उडत आला आणि पिंडाला चोच मारून गेला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एक तर मला न विचारता वर्षश्राद्धाच्या डाळीचा माझा शब्द देऊन टाकला. वर मी तिथे नाही म्हणू शकत नव्हते. आमच्याकडच्या जुन्या माणसांत जेठ आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नाहीत. बोलायचं तर भिंतीला सांगायचं, नाहीतर पोरासोरांकरवी. मी गावोगाव फिरून पुरुषांना नसबंदीवर व्याख्यानं दिलेली बाई, पण जेठांपुढे पदर ओढून गप्प. आणि बोलले असते तरी काय बोलणार होते? की ज्याचा जीव माझ्या डाळीत अडकला म्हणता, त्यानं माझी डाळ उभ्या जन्मात खाल्ली नाही?

घरी आल्यावर लेकीला सांगितलं. ती नाशिकला असते आणि तिला अर्थातच सगळं ठाऊक होतं, वडिलांच्या हातचं खाऊनच मोठी झाली. ती म्हणाली, आई, सांगून टाक सगळ्यांना बाबा करायचे म्हणून, आता कोण काय करणार आहे? मेलेल्या माणसाला कुणी हसत नाही असं तिला वाटतं. तिनं कळसाडीची माणसं पुरती पाहिलेली नाहीत. मला काहीच धड ठरवता येईना. सांगावं तर त्यांनी जे जन्मभर झाकलं ते मी उघडं केलं असं होणार. न सांगावं तर त्यांच्या हाताचं नाव माझ्यावर चढवून ते कायमचे जाणार, आणि त्यांच्याच श्राद्धाला त्यांच्याच डाळीची वाहवा मी घेणार. ते जिवंत होते तेव्हा ही वाहवा मी रात्री त्यांच्यापर्यंत पोचवत तरी होते. आता ती कुणाला नेऊन देऊ?

तेव्हा निदान डाळ तरी शिकायची, असं मी ठरवलं. वर्ष हातात होतं आणि जेवायला तर रोजच लागतं.

पहिली अडचण भांड्यांची. आमच्या घरात एका माणसाला पुरेल असं भांडंच नव्हतं. हे करायचे ते दोघांसाठी तरी, नाहीतर एकदम वीस जणांसाठी. मूठभर उडीद त्या पातेल्यात तळालासुद्धा धड पसरत नव्हता. पाणी आटायचं आणि डाळ कच्चीच राहायची. पाणी वाढवलं की डाळ कुठे आहे ते शोधावं लागायचं. कुकरात लावली तर शिट्टीतून काळं पाणी ओट्यावर. शेवटी नंदुरबारला बाजारात जाऊन लहान पातेलं मागितलं. दुकानदारानं एक काढून दिलं आणि विचारलं, नातीला खेळायला का? मी म्हटलं, हो, नातीला. उगाच कुणाकुणाला सांगत बसायचं?

दुसरी अडचण मापाची. मला सगळं मापात लागतं. वजनाप्रमाणे डोस, डोसाप्रमाणे मिलिलिटर, अशी माझी नोकरी गेली. लेकीनं व्हिडिओ पाठवले. त्यातली बाई छान साडी नेसून म्हणते, चवीनुसार मीठ. अगं बाई, चव कळत असती तर तुझ्याकडे कशाला आले असते? दुसरी म्हणते, डाळ छान शिजली की. छान म्हणजे किती? तिसरी चार माणसांचं प्रमाण देते आणि मी त्याला चारनं भागत बसते. भागाकार बरोबर येतो आणि डाळ येत नाही. चार माणसांच्या दोन मिरच्या, तर एकीला अर्धी, ती अर्धी घातली तर तिखट लागत नाही, आणि उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये वाळून बसते. हिशेबानं स्वयंपाक होत नाही हे कुणीतरी त्या व्हिडिओत सांगायला हवं होतं.

ह्यांनी करून ठेवलेला काळा मसाला बरणीत होता. दुसरी एखादी असती तर तिनं ती बरणी देवासारखी जपली असती. मी ती होळीपर्यंत संपवली, कारण काहीही बेचव झालं की मी वरून मसाला टाकत होते. संपल्यावर वाईट वाटलं. पण वाईट वाटायच्या आधी जेवणही व्हायला हवं होतं.

आणि या सगळ्यात शेजारीण. शेजारीण जिवाची आहे, तिच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. पण माझ्या खिडकीतून करपल्याचा वास गेला, की पाच मिनिटांत ती झाकलेली वाटी घेऊन हजर. मेथीची भाजी, भरीत, कधी शेवभाजी. वाटी ठेवणार, माझ्या पाठीवरून हात फिरवणार आणि म्हणणार, व्हस माय, दुखमा ध्यान लागस नही. दुःखात लक्ष लागत नाही, होतं असं! एवढी चाळीस वर्षं सुगरण म्हणून नाव काढलेली बाई, पण मालक गेला आणि डाळ करपायला लागली. एक-दोनदा मी सांगायला तोंड उघडलंही. मला दुःख आहे, भरपूर आहे, पण ही डाळ गॅस मोठा ठेवल्यामुळे करपली आहे. तिनं माझे डोळे पुसले. पावसाळ्यापर्यंत गावभर झालं, की सिस्टरनं नवऱ्याच्या मागे जेवणावरची वासनाच सोडली.

चिडचिड होत होती ती लोकांवर, व्हिडिओवर, पातेल्यावर. पण खरी चीड ह्यांच्यावर होती, आणि ती एका संध्याकाळी वर आली. त्या दिवशी भाकरी पहिल्यांदा तव्यावर न तुटता गेली. फुगली. गोल नव्हती, नकाशातल्या एखाद्या तालुक्यासारखी होती, पण फुगली. मी ती ओट्याशीच उभ्यानं, ठेच्याबरोबर, गरम गरम खाल्ली. आणि कुणाला सांगू म्हणून मागे वळले, तर ती खुर्ची रिकामी होती जिच्यावर मी बसायचे. सांगणारी मी, ऐकणारे ते, आणि आता मी त्यांच्या जागी उभी होते आणि माझ्या जागी कुणीच नव्हतं. मग मी मोठ्यानं बोलले त्यांना. म्हटलं, इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणायचं होतंत, ये, हे ढवळ. एकदा तरी झारा हातात द्यायचा होतात. तू बस म्हणालात आणि मी मूर्खासारखी बसले. खूप रडले त्या दिवशी.

कारण त्रास याचाच होता. त्या ओट्याशी आम्ही काय काय बोललो ते मला सगळं आठवत होतं. कुठल्या पोराला गणित येत नाही, कुठल्या बाईला तिसरी मुलगी झाली आणि सासू दवाखान्यातून निघून गेली, लेकीला कुठल्या कॉलेजात घालायचं. त्यांचा आवाज, मध्येच चमचा आपटायची सवय, सगळं. पण डाळीत काय घातलं ते आठवत नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, हाताकडे बघितलंच नाही. धडगावकडून वाळलेल्या कैरीच्या फोडी यायच्या, त्या डाळीत जात होत्या का भाजीत, तेही मला सांगता येईना. मी फोडी मागवल्या, घातल्या. डाळ आंबट झाली, त्यांची झाली नाही.

असं करत करत हिवाळा आला. रोजचं एकटीपुरतं मला जमायला लागलं होतं. पोटात जाईल असं, आजारी पडणार नाही असं. पण श्राद्धाच्या डाळीचं ओझं छातीवर तसंच होतं. बाकीच्या जेवणाला आचारी सांगितला. डाळ मात्र मी करायची होती, तापीला साक्ष ठेवून तसा शब्द गेला होता. कळसाडीची सगळी मंडळी येणार होती. लेक आदल्या दिवशीच आली. मी तिलाही स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. म्हटलं, जे व्हायचं ते माझ्या हातानं होऊ दे.

आता एकटीपुरत्या डाळीवर वर्षभर हात बसवलेला, आणि समोर पन्नास माणसांचं पातेलं. पुन्हा गणित. मी मूठ पन्नासनं गुणली. मीठ गुणलं, मिरची गुणली. भागाकारानं जे झालं नव्हतं ते गुणाकारानं कसं होणार? डाळ पातळ झाली, मीठ थोडं जास्त, आणि खाली जरा लागली होती. वाईट म्हणता आली नसती. खाण्यासारखी होती. पण ज्यांनी ह्यांची खाल्ली होती त्यांना पहिल्या घासालाच कळणार होतं.

आधी पुरुषांची पंगत बसली. मी पडद्याआड उभी. पहिला घास घेतला आणि लोकांनी वाटीत वाकून बघितलं. कुणी कुणाकडे बघेना. मग जेठांनी घसा खाकरला आणि समोरच्या भिंतीला सांगितलं, "ज्यानासाठे करे तोच ऱ्हायना नही, तं चव कथाईन यी?" ज्याच्यासाठी करायची तोच राहिला नाही, तर चव कुठून येणार! पंगतीतल्या माना हलल्या. एका म्हाताऱ्यानं उपरण्यानं डोळे पुसले आणि आणखी डाळ मागितली. माझ्या बिघडलेल्या डाळीची अशी पूजा सुरू झाली. पुरुष एकेक करून पडद्यापाशी आले, हात जोडून गेले. मी दात आवळून उभी होते. चांगली झाली असती तरी श्रेय माझं, आणि बिघडली तरी माझंच. त्या माणसाला त्याच्या वर्षश्राद्धालासुद्धा काही मिळणार नव्हतं.

मग बायका बसल्या. जिजी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघे गेले आहेत त्यांचे. मी त्यांना वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, बुडवली, खाल्ली. सगळ्या जणी त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी वाटी बाजूला सारली आणि माझ्याकडे वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"आज बी हात राखाच तू," त्या म्हणाल्या. "त्याना वरीसना दिनले तरी नीट करती."

त्या एकटीला दुःख दिसलं नाही, स्वयंपाक दिसला. वर्षभरात मला खरं बोलणारं पहिलं माणूस भेटलं होतं आणि तेही चुकीचं बोलत होतं. मी झारा पातेल्यात टाकला आणि त्यांच्यासमोर खाली बसले.

"जिजी, ती दाळ मी कधी करीच नही," मी म्हटलं. "चाळीस वरीस त्यासनी करी. तुमना देरनी."

तुमच्या दिरानं, हे शब्द ऐकून ताटावरचे सगळे हात थांबले. मग मी थांबले नाही. भाकऱ्याही तेच थापत, आतून कडी लावून. मी खुर्चीवर बसून असायचे. तुम्ही विचारत होतात तेव्हा मी काही राखत नव्हते, मला येतच नव्हतं. मला आजही येत नाही, हे बघा समोर आहे. बोलता बोलता माझा आवाज चढला होता आणि बाहेर पुरुषांचं बोलणं बंद पडलं होतं. लेक दारात येऊन उभी राहिली. कोपऱ्यातली एक जण पदर तोंडाला लावून हसली, तेही मी पाहिलं. म्हटलं, हस. झालं तेवढं झालं.

जिजी माझ्याकडे बघत होत्या. ओठ हलत होते. त्यांना डाळीचं काही वाटलेलं नव्हतं, दुसरंच काही लागलं होतं.

"मी त्याले न्हानाना मोठा करा," त्या म्हणाल्या. "माले सांगता तं मी काय हासतू का?"

मला सांगितलं असतंत तर मी हसले असते का, असं त्या मला विचारत होत्या. नाही म्हणणं सोपं होतं. श्राद्धाचं घर, म्हातारी बाई, गुडघे दुखतात. पण मी वर्षभर गोडगोड खोटं ऐकून विटले होते.

"हा जिजी," मी म्हटलं. "हासतात."

त्यांनी मान खाली घातली. ताटातल्या भाकरीचा तुकडा बोटानं इकडून तिकडे सरकवला. मला वाटलं, आता उठून जातील.

"हा," त्या म्हणाल्या. "हासतू."

मग हळूहळू बोलत गेल्या, माझ्याकडे न बघता. पाच-सहा वर्षांचा असेल, म्हणाल्या, चुलीपाशी येऊन बसायचा, पिठाचा गोळा मागायचा, मला थापू दे म्हणायचा. त्या हसायच्या. जावांना हाका मारून दाखवायच्या, बघा ग, ही आपली नवी जाऊ. सगळ्या हसायच्या. मग एक दिवस त्यानं मागणं सोडलं, आणि त्यांना वाटलं, मोठा झाला.

एवढं बोलून त्यांनी ती बाजूला सारलेली वाटी पुन्हा पुढे ओढली आणि माझी खारट, करपट डाळ भाकरीबरोबर खायला लागल्या. खाता खाता थांबल्या.

"गोल ये का त्यानी भाकर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, यायची, अगदी गोल. माझी अजून येत नाही.